औषधाच्या कपाटाची किल्ली

रुग्णालयाच्या वॉर्डात परिसेविकेच्या टेबलाजवळ एक लहानसे कपाट असते. त्याला दोन कुलुपे असतात आणि किल्ल्या त्या पाळीच्या परिचारिकेकडे असतात. मॉर्फिन, पेथिडिन, फेंटानिल अशी तीव्र वेदनाशामके त्यात ठेवतात. कपाटाबरोबर एक नोंदवही असते. कोणत्या रुग्णाला, किती वाजता, किती मिलिग्रॅम दिले, कुपीत उरलेले औषध कोणासमोर टाकून दिले, हे सारे तीत लिहायचे आणि दोघींनी सह्या करायच्या. पाळी बदलताना ‘ओव्हर’ देणारी आणि घेणारी अशा दोघी मिळून कुप्या मोजतात. जुन्या परिसेविका याला ‘डी.डी.ए.चे कपाट’ म्हणत. हे नाव १९३० च्या धोकादायक औषधांच्या कायद्यावरून पडले. तो कायदा जाऊन १९८५ मध्ये गुंगीकारक औषधांचा नवा कायदा आला. त्यालाच आपण एन.डी.पी.एस. या इंग्रजी आद्याक्षरांनी ओळखतो.

ही किल्ली जिच्या हाती आहे तीच त्या औषधाच्या आहारी गेली तर काय करायचे? तिला काढून टाकायचे, पोलिसांत द्यायचे, तिचे नाव परिचर्या परिषदेच्या नोंदवहीतून खोडायचे, की तिच्यावर उपचार करायचे? प्रश्न रुग्णालयाचा आहे, मग तो शिक्षकांपुढे का मांडावा, असे कोणी विचारील. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांतल्या शाळांतून आणि कनिष्ठ महाविद्यालयांतून दरवर्षी अनेक मुली, आणि आता काही मुलगेही, परिचर्येच्या शिक्षणाला जातात. आज आपल्यासमोर जीवशास्त्राच्या तासाला बसलेली मुलगी चार-पाच वर्षांत रात्रपाळीला एकटी वॉर्ड सांभाळत असते. व्यसनाबद्दल तिला आपण काय शिकवलेले असते? २६ जूनला अमली पदार्थविरोधी दिन येतो, चित्रांच्या स्पर्धा होतात. त्या चित्रांतला व्यसनी माणूस नाक्यावर किंवा पुलाखाली बसलेला, दाढी वाढलेला असतो. पांढऱ्या गणवेशातला व्यसनी कोणी काढत नाही. व्यसन वाईट संगतीने लागते आणि ते ‘त्यांना’ लागते, एवढेच मुले त्यातून शिकतात.

(या लेखात ‘परिचारिका’ म्हणताना आम्ही पुरुष परिचारकांनाही धरले आहे. लिहिण्याची सोय, इतकेच.)

शरीरात काय घडते

मॉर्फिन मेंदूवर काम करते ते मेंदूत त्याच्यासाठी जणू जागा राखून ठेवलेली असते म्हणून. पेशींच्या पृष्ठभागावरच्या या ग्राहींचा शोध १९७३ मध्ये लागला, आणि दोनच वर्षांनी शरीर स्वतःच मॉर्फिनसारखे रेणू बनवते हेही कळले. हे ग्राही वेदनेच्या मार्गावर असतात, श्वासाचे नियंत्रण करणाऱ्या केंद्रात असतात, आतड्यांत असतात आणि सुखाची भावना निर्माण करणाऱ्या मार्गावरही असतात. म्हणून एकच इंजेक्शन वेदना कमी करते, श्वास मंद करते, बद्धकोष्ठ आणते आणि मनाला स्वस्थता देते.

औषध रोज येऊ लागले की पेशी त्याच्याशी जुळवून घेतात. मेंदूच्या देठात नॉरॲड्रेनॅलिन सोडणाऱ्या पेशींचा एक लहान पुंजका आहे. शरीराला सावध ठेवणे हे त्याचे काम. मॉर्फिन त्याला दाबून धरते. रोज दाबले गेल्यावर या पेशी आपली आतली यंत्रणा अधिक जोराने चालवू लागतात, म्हणजे औषध असतानाही काम साधारण पूर्ववत चालते. आता पूर्वीच्या मात्रेने भागत नाही, ती वाढवावी लागते. आणि औषध एकाएकी थांबले तर? दाब गेला, पण आतली यंत्रणा अजून वाढीव जोरानेच चालली आहे. मग घाम, अंगावर काटा, नाकाडोळ्यांतून पाणी, जुलाब, हाडे मोडून आल्यासारखे दुखणे आणि झोप नाही. गर्दच्या व्यसनींच्या भाषेत याला ‘टर्की’ म्हणतात. घट्ट दाबलेली स्प्रिंग सोडल्यावर उसळते, ही उपमा वर्गात उपयोगी पडते. फक्त एक सांगायला हवे की स्प्रिंग लगेच पूर्वपदाला येते, पेशींना दिवस लागतात, आणि सुखाच्या मार्गावरचे बदल पुसायला महिने लागतात.

पहिल्या काही वेळा औषध घेतले जाते ते पाठदुखीसाठी, झोपेसाठी किंवा मनावरचा ताण उतरावा म्हणून. काही महिन्यांनी ते घेतले जाते ते आजारी पडू नये म्हणून. त्या अवस्थेतली परिचारिका औषध घेतल्यावर नीट चालते, बोलते, कामही करते. झिंगलेली दिसत नाही. शोधणारे नेमके येथेच चुकतात. त्यांची नजर अडखळणाऱ्या माणसावर असते. ही मात्र उलट जादा पाळ्या मागून घेते, दुसरीच्या रुग्णाला इंजेक्शन द्यायला आपणहून पुढे होते.

आणखी एक गोष्ट अकरावी-बारावीच्या मुलांना गणिताने दाखवता येते. पेथिडिन रक्तातून निम्मे व्हायला साधारण ३ ते ४ तास लागतात. परंतु यकृतात त्यापासून नॉरपेथिडिन नावाचा पदार्थ बनतो, आणि तो निम्मा व्हायला १५ तासांहून अधिक वेळ लागतो. सोयीसाठी पहिल्याचा अर्धायुकाल ४ तास आणि दुसऱ्याचा १६ तास धरू, आणि दर ४ तासांनी एक इंजेक्शन घेतले जाते असे मानू. प्रत्येक खेपेला पेथिडिनचा आधीचा निम्मा साठा शिल्लक असतो. १ + १/२ + १/४ + ... ही श्रेढी २ पर्यंत जाते, म्हणजे साठा एका मात्रेच्या दुप्पट होऊन थांबतो. नॉरपेथिडिनचा मात्र दर ४ तासांनी सुमारे ०.८४ भाग शिल्लक असतो. त्याच्या श्रेढीची बेरीज १ ÷ (१ − ०.८४), म्हणजे सुमारे ६.३ येते. हा पदार्थ वेदना फारशी शमवत नाही, पण चेतासंस्थेला उत्तेजित करतो. साठा वाढला की हात थरथरतात, स्नायू झटके देतात, पुढे आकडीही येते. आपल्याला मात्रा कळते, आपण सांभाळून घेऊ, असे ज्ञानी माणसाला वाटते. पण तो सांभाळत असतो ती पहिली श्रेढी. दुसरी त्याच्या लक्षातच येत नाही.

कुलूप नेहमी उशिरा लागते

परिचारिकांमध्ये व्यसन इतरांपेक्षा फार जास्त असते का? अमेरिकेत १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेली एक मोठी पाहणी आहे. तिच्यात ४,००० हून अधिक परिचारिकांकडून निनावी उत्तरे घेतली होती. नशेच्या पदार्थांचा वापर विभागाप्रमाणे बदलत होता. तातडीच्या विभागातल्या परिचारिकांमध्ये गांजा किंवा कोकेन घेतल्याचे प्रमाण सर्वसाधारण विभागांतल्यांच्या साडेतीन पट आढळले. कामाची जागा आणि कामाचा ताण यांचा संबंध स्पष्ट आहे. रुग्णांना उचलून पाठ धरते, रात्रपाळ्यांनी झोपेचे चक्र बिघडते, मृत्यू रोज समोर असतो, आणि या सगळ्यावरचे औषध हाताच्या अंतरावर असते. नाक्यावरच्या मुलाला पुडी विकत घ्यावी लागते. इथे पैसे लागत नाहीत, सुईची भीती नसते, शीर शोधायचे कसब अंगात असते.

त्यातही कुलपाच्या कपाटातले औषध हा सर्वांत मोठा धोका नाही, असे आमचे मत आहे. इतिहास पाहा. १८५३ मध्ये एडिंबरोच्या अलेक्झांडर वुड यांनी वेदना शमवण्यासाठी त्वचेखाली मॉर्फिन टोचले. औषध पोटात जात नाही म्हणजे त्याची ‘भूक’ लागणार नाही, अशी त्या काळी अनेकांची समजूत होती. १८९८ मध्ये बायर कंपनीने हेरॉइन बाजारात आणले ते खोकल्याचे औषध म्हणून, आणि मॉर्फिनपेक्षा सुरक्षित म्हणून. १९३९ च्या सुमारास जर्मनीत पेथिडिन आले, तेही सवय न लावणारे समजले गेले. १९६७ मध्ये अमेरिकेत पेंटाझोसिनला मान्यता मिळाली, तीच आशा घेऊन. दर वेळी नवे औषध उघड्या फळीवर ठेवले गेले आणि काही वर्षांनी कुलपात गेले.

आपल्याकडे पेंटाझोसिनचा अनुभव वेगळा लिहायला हवा. फोर्टविन या नावाने ते घरोघरी ओळखीचे झाले. मॉर्फिन ठेवायचे तर परवाना, नोंदवह्या, तपासण्या. पेंटाझोसिनला तसे काही नव्हते, म्हणून लहान नर्सिंग होममध्ये शस्त्रक्रियेनंतर तेच दिले जाई. आपल्या देशातल्या मानसोपचार आणि त्वचारोगांच्या नियतकालिकांत त्याच्या व्यसनाचे रुग्ण वारंवार नोंदले गेले, आणि त्यांत डॉक्टर, परिचारिका, कंपाउंडर, औषधविक्रेते ठळकपणे दिसतात. हे औषध आम्लधर्मी असते. पुन्हा पुन्हा टोचल्याने मांडी-दंडाची कातडी लाकडासारखी कडक होते, जखमा भरत नाहीत. ट्रॅमाडॉलची गोष्टही फार निराळी नाही. ते २०१८ मध्ये एन.डी.पी.एस.च्या यादीत आले. त्याआधी, २०१४ पासून, ते आणि पेंटाझोसिन ही दोन्ही औषधे ‘एच-१’ या परिशिष्टात होती. म्हणजे दुकानदाराने चिठ्ठीची वेगळी नोंद ठेवली पाहिजे असा नियम होता. पण वॉर्डातल्या ट्रॉलीवरच्या कुपीवर दुकानदाराची नोंदवही काय लक्ष ठेवणार?

उपनगरांतल्या नर्सिंग होमची रचना आपल्या सर्वांना ठाऊक आहे. रहिवासी इमारतीचा पहिला मजला, दहा-पंधरा खाटा, खाली औषधांचे दुकान. भूलतज्ज्ञ बाहेरून येतात, आपली औषधांची पेटी बरोबर आणतात, शस्त्रक्रिया झाली की पुढच्या ठिकाणी जातात. रात्री एक ‘सिस्टर’ आणि एक मावशी. १९४९ चा नर्सिंग होम नोंदणीचा कायदा योग्यताप्राप्त परिचारिका ठेवण्याची अट घालतो. प्रत्यक्षात ‘सिस्टर’ म्हणून हाक मारली जाणारी मुलगी पुष्कळ ठिकाणी कामावरच शिकलेली असते. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

तीन दारे, आणि एकमेकांशी बोलणे नाही

समजा, एखाद्या वॉर्डात गोष्ट उघडकीस आली. कशी येते? एकाच पाळीत कुप्या ‘फुटल्याच्या’ नोंदी वाढतात. त्या पाळीचे रुग्ण इंजेक्शन घेऊनही दुखते अशी तक्रार करतात, केसपेपरवर मात्र पूर्ण मात्रा लिहिलेली असते. टाकून दिलेल्या औषधापुढे दुसरी सही नंतर घेतलेली असते. मे महिन्यातही कोणी लांब बाह्या सोडत नाही. यांतली कोणतीही एक खूण पुरावा होत नाही. रुग्णाला खरोखरच जास्त दुखत असू शकते, आणि लांब बाह्यांखाली भाजल्याचा व्रणही असू शकतो. म्हणून नोंदवही आणि केसपेपर शेजारी ठेवून कित्येक आठवड्यांचा हिशेब जुळवावा लागतो. हे काम कंटाळवाणे आहे, आणि न्याय्य चौकशी त्यावरच उभी राहते.

यानंतर तीन दारे आहेत. पहिले मालकाचे. सरकारी रुग्णालयात १९७९ चे महाराष्ट्र नागरी सेवा नियम लागतात. कामावर नशेच्या अमलाखाली असणे हा वर्तणूक नियमांचा भंग आहे, आणि शिस्त व अपील नियमांप्रमाणे आरोपपत्र, चौकशी, निलंबन, बडतर्फी अशी पायरी असते. कूपर, राजावाडी यांसारखी महापालिकेची रुग्णालये पालिकेच्या सेवानियमांखाली येतात. क्रम साधारण तसाच. खासगी ठिकाणी बहुधा एवढे काही होत नाही. राजीनामा लिहून घेतात, महिन्याचा पगार देतात आणि विषय मिटवतात. दुसरे दार पोलिसांचे. एन.डी.पी.एस. कायद्यात सेवनालाही शिक्षा आहे, आणि रुग्णालयातून औषध उचलणे ही चोरी आहेच. तिसरे दार महाराष्ट्र परिचर्या परिषदेचे. ती १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाखाली काम करत आली आहे. पात्र परिचारिकांची नोंदवही ठेवणे हे तिचे मूळ काम. नोंदवहीत नाव असेल तर परिचारिका म्हणून काम करता येते. चौकशीत गैरवर्तन सिद्ध झाले तर परिषद नाव काढू शकते.

मालकाची शिक्षा एका नोकरीपुरती असते. परिषदेची शिक्षा संपूर्ण व्यवसायापुरती असते. पुढच्या रुग्णाचे रक्षण करण्याची ताकद या दुसऱ्या शिक्षेतच आहे. पण परिषदेला कळले तर ना! तक्रार कोणी तरी लेखी केली पाहिजे. नर्सिंग होमच्या मालकाला पोलीस नकोत, बदनामी नको. सहकारी परिचारिकेला वाटते, आपल्या एका कागदाने तिच्या घरची चूल विझेल. म्हणून घाटकोपरला राजीनामा दिलेली व्यक्ती पुढच्या महिन्यात मुलुंडला किंवा ठाण्याला कामाला लागू शकते, आणि नव्या ठिकाणी कोणाला काही माहीत नसते. आणि जिचे नाव मुळात नोंदवहीतच नाही, त्या कामावर शिकलेल्या ‘सिस्टर’चे परिषद काय खोडणार? कागदावरची कडक शिस्त नोंदणीकृत परिचारिकेला लागू होते आणि बिननोंदणीची तिच्यातून सुटते, हा आम्हाला या व्यवस्थेतला मोठा दोष वाटतो.

गुपचूप काढून टाकण्याचा परिणाम किती भयंकर होऊ शकतो, याचे उदाहरण अमेरिकेतले आहे. डेव्हिड क्वियात्कोव्स्की परिचारक नव्हता, हृदयरोग विभागातला फिरता तंत्रज्ञ होता. तो रुग्णांसाठी भरून ठेवलेल्या फेंटानिलच्या सिरिंज उचलून स्वतःला टोचून घेई, आणि त्याच सिरिंजमध्ये सलाईन भरून परत ठेवी. त्याला हेपटायटिस-सी झालेला होता. २०१० मध्ये ॲरिझोनातल्या एका रुग्णालयाच्या स्वच्छतागृहात तो बेशुद्ध सापडला. तेथले काम सुटले, पण दुसऱ्या राज्यांत त्याला पुन्हा पुन्हा काम मिळत गेले. २०१२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एक्झेटर येथे रुग्णांत हेपटायटिस-सीची साथ दिसली तेव्हा त्याला अटक झाली. निरनिराळ्या राज्यांत मिळून किमान ४५ जणांना त्याच्यामुळे लागण झाली. डिसेंबर २०१३ मध्ये त्याला ३९ वर्षांची शिक्षा झाली. रुग्णाचे नुकसान दोनदा होते, हेही यात दिसते. त्याच्या वाटणीचे वेदनाशामक त्याला मिळत नाही आणि वर आजार मिळतो.

शिक्षेला जोडून दुसरी वाट

अमेरिकन नर्सेस असोसिएशनने १९८२ मध्ये ठराव करून अशा परिचारिकांना आधी उपचार मिळावेत अशी भूमिका घेतली. पुढच्याच वर्षी फ्लोरिडा राज्यात कायद्याच्या आधाराने तसा कार्यक्रम सुरू झाला, आणि नंतर अनेक राज्यांत तो पसरला. हा कार्यक्रम म्हणजे माफी नव्हे. परिचारिका स्वतःहून किंवा सहकाऱ्याच्या कळवण्यावरून त्यात येते. काम ताबडतोब थांबते. उपचार पूर्ण झाल्यावर तज्ज्ञाने सांगितले तरच ती परत येते, आणि मग साधारण तीन ते पाच वर्षे तिच्यावर देखरेख असते. कोणत्याही दिवशी फोन येतो आणि लघवीचा नमुना द्यावा लागतो. आधारगटाच्या सभा चुकवता येत नाहीत. रात्रपाळी आणि जादा पाळी बंद, आणि सुरुवातीचे कित्येक महिने गुंगीच्या औषधांच्या कपाटाची किल्ली तिच्या हाती द्यायची नाही. अटी मोडल्या की प्रकरण शिस्तभंगाच्या मंडळाकडे जाते. ब्रिटनमध्येही परिचारिकांची नोंदणी करणाऱ्या संस्थेने वर्तनाची चौकशी करणारी समिती वेगळी आणि आरोग्याचा विचार करणारी समिती वेगळी, अशी विभागणी केली होती.

याचा उपयोग होतो का? डॉक्टरांसाठीच्या अशाच कार्यक्रमांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. १६ कार्यक्रमांतल्या सुमारे ८०० डॉक्टरांचा माग ठेवला तेव्हा पाच वर्षांनी जवळजवळ ७९ टक्के परवान्यासह काम करत होते. व्यसनमुक्तीत हा आकडा फार चांगला आहे. अर्थात हे सुशिक्षित, कमावते लोक होते आणि परवाना जाण्याची टांगती तलवार त्यांच्या डोक्यावर होती. तुलनेसाठी दुसरा गटही नव्हता. म्हणून उपचाराने इतके बरे होतात असे न म्हणता, उपचार, दीर्घ देखरेख आणि परवान्याची भीती या तिन्हींनी मिळून इतके टिकतात, असे म्हणणे अधिक बरोबर. या कार्यक्रमांवर एक आक्षेपही आहे. नावे गुप्त राहतात, मग आपल्यावर कोण उपचार करत आहे हे रुग्णाला कळायला नको का? आक्षेप पोकळ नाही. परंतु दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहायला हवे. आज जे गुप्त राहते त्यावर कोणाचीच देखरेख नसते.

गुप्ततेचे एक जुने उदाहरण सांगण्याजोगे आहे. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले विख्यात शल्यविशारद विल्यम हॉलस्टेड यांनी १८८४ च्या सुमारास कोकेनने बधिरता आणण्याचे प्रयोग स्वतःवर केले आणि ते व्यसनात अडकले. पुढे मॉर्फिन आयुष्यभर सुटले नाही. शस्त्रक्रियेत रबरी हातमोजे आले तेही त्यांच्यामुळे. त्यांच्या परिचारिकेच्या हातांना जंतुनाशकाने त्रास होई म्हणून त्यांनी ते करवून घेतले होते. त्यांच्या व्यसनाबद्दल सहकारी विल्यम ऑस्लर यांनी लिहून ठेवलेले टिपण १९६९ मध्ये उघडले गेले. वरिष्ठ शल्यविशारदाचे गुपित सहकारी जपतात. कनिष्ठ परिचारिकेसाठी इतके कोण करतो? आणि केले तरी, नुसते गुपित जपण्याने ना हॉलस्टेड बरे झाले, ना त्यांच्या रुग्णांना संरक्षण मिळाले.

आपल्याकडे काय आहे

पूर्ण अंधार नाही. एन.डी.पी.एस. कायद्याच्या ६४-अ या कलमाप्रमाणे, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार पूर्ण केले नाहीत तर हे संरक्षण काढून घेता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांना मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतले. वांद्र्यात फादर जो परेरा यांची कृपा फाउंडेशन १९८१ पासून आहे. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू केले आणि पुढे तेथे स्त्रियांसाठी निशिगंध हा वेगळा विभाग झाला. हे वेगळेपण गरजेचेच होते. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या २०१९ च्या अहवालात दारू पिणाऱ्यांचे प्रमाण पुरुषांत २७.३ टक्के आणि स्त्रियांत १.६ टक्के दिले आहे. जिथे पुरुषांनी भरलेला वॉर्ड आहे तिथे एखादी सिस्टर, जिला त्याच भागातले लोक ओळखतात, पाऊल कसे टाकील?

तर फौजदारी कायदा तिला आजारी मानायला अंशतः तयार आहे, आरोग्याचा कायदा पूर्ण तयार आहे. १९६६ च्या परिचारिका अधिनियमाची भाषा मात्र गैरवर्तनाची आहे. आजारी परिचारिकेला काही काळ कामापासून दूर ठेवून देखरेखीखाली परत आणण्याची वेगळी वाट त्यात आखलेली नाही. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा केला. त्यात नीतिमत्ता व नोंदणीचे वेगळे मंडळ आणि राज्यांसाठी राज्य आयोग यांची तरतूद आहे. व्यावसायिक वर्तनाचे नियम ठरवण्याचे काम या व्यवस्थेकडे आहे. अशा वाटेला त्या नियमांत जागा करता येईल.

परिचर्येला जाऊ इच्छिणाऱ्या मुलींशी बोलताना एवढे तरी सांगता येईल. रुग्णाच्या नावाची कुपी कधीही ‘थोडी उरली आहे’ म्हणून घ्यायची नाही, पाठदुखीसाठीसुद्धा. टाकून दिलेले औषध स्वतः पाहिल्याशिवाय सही करायची नाही, समोर कितीही वरिष्ठ असो. मैत्रिणीबद्दल शंका आली तर तिच्या चुका झाकत राहायचे नाही आणि तिला एकटीला गाठून दटावायचेही नाही. उघडकीस आल्यावरचे पहिले दिवस सर्वांत धोक्याचे असतात. लाज आणि भीती असते. शिवाय काही दिवस औषध थांबल्याने शरीराची सवय मोडलेली असते, आणि मग पूर्वीची मात्रा घेतली तरी श्वास थांबू शकतो. म्हणून परिसेविकेला किंवा अधिसेविकेला कळवायचे, आणि तिला त्या दिवशी एकटी घरी पाठवायचे नाही.

राहता राहिली किल्ली. देखरेखीखाली कामावर आलेल्या परिचारिकेला किल्ली द्यायची नसेल तर त्या पाळीत किल्ली सांभाळणारी दुसरी परिचारिका हवी. मोठ्या रुग्णालयात ती शेजारच्या वॉर्डातून बोलावता येईल. बारा खाटांच्या नर्सिंग होममध्ये, जिथे रात्री एकच सिस्टर असते, तिथे नोंदवहीतली दुसरी सहीसुद्धा सकाळी ‘ओव्हर’ घ्यायला आलेली मुलगी न पाहताच करत असते.